पेटीतलं लिनक्स आणि पुण्याहून आलेली प्रश्नावली

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वाळूज एमआयडीसीतले एक लघुउद्योजक ठिबक सिंचनासाठी ऑटोमेशन कंट्रोलर बनवतात. जालना, बीड, परभणी भागातल्या मोसंबी, डाळिंब आणि उसाच्या बागायतदारांना गेल्या तीन वर्षांत त्यांनी दीडशेच्या आसपास पेट्या विकल्या. पेटीत छोटा एआरएम बोर्ड आहे, त्यावर बिल्डरूट या साधनानं तयार केलेली लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते. रिले कार्डसाठी कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, एक ड्रायव्हर घातला आहे. पाण्याच्या पाळ्या आणि खताच्या मात्रा ठरवणारा प्रोग्रॅम सी भाषेत आहे, फ्लो मीटर वाचण्यासाठी त्याला लिबमॉडबस ही तयार कोडची लायब्ररी जोडली आहे. टच स्क्रीन पायक्यूटी-५ मध्ये (क्यूटी हा स्क्रीन बनवण्याचा संच पायथन भाषेतून वापरायची सोय), मराठी अक्षरांसाठी विंडोजमधला मंगल फॉन्ट. शेतातले नोड ईएसपी-३२ या मायक्रोकंट्रोलरवर, आर्डुइनो या प्रोग्रॅमिंगच्या साधनातून. मोबाइलवर आलेख दाखवायला सर्व्हरवर लोगो बदललेलं ग्राफाना. हे सगळं त्यांच्या भाच्यानं केलं; तो आता बंगळूरला नोकरी करतो. पुण्याची एक पंप कंपनी ५०० पेट्या स्वतःच्या नावानं विकायला तयार आहे, पण तिनं ओपन सोर्स घटकांची, म्हणजे मूळ कोड खुला असलेल्या सॉफ्टवेअरची यादी, परवाने आणि त्या मूळ कोडाची (सोर्स कोडची) व्यवस्था विचारली आहे. एक परिचित म्हणतात, ‘आमच्या मालात ओपन सोर्स नाही’ एवढं लिहून द्या, कोण उघडून बघतंय. दुसरे म्हणतात, लिनक्स वापरलंत म्हणजे तुमचा सगळा कोड जगाला द्यावा लागणार. ‘आम्ही लिनक्समध्ये काही बदललेलं नाही, सगळं इंटरनेटवर मिळतं. मग आमच्यावर बंधन कशाचं? आणि पाळ्यांचं गणित उघड झालं तर आमच्याकडे उरतं काय?’

उत्तर:

आधी निकडीचं. ‘ओपन सोर्स नाही’ असं अजिबात लिहून देऊ नका. ते खोटं आहे आणि दहा मिनिटांत उघडं पडेल. बोर्डाच्या सिरीयल पोर्टला तीन वायरी लावून पेटी चालू केली की यू-बूट (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) आणि लिनक्स आपापली आवृत्ती स्वतःच सांगतात. फर्मवेअरच्या फाइलवर ‘स्ट्रिंग्ज’ ही साधी कमांड चालवली की बिझीबॉक्स या ओपन सोर्स साधनसंचाचं नाव सापडतं. अशी प्रश्नावली पाठवणाऱ्या कंपनीकडे हे करून बघणारा माणूस बहुधा असतोच. आज तुमच्याकडे आहे ती परवान्यातली त्रुटी आहे, ती दुरुस्त होते. खोट्या कागदावर सही केलीत तर करारभंग त्यात मिळेल आणि नुकसानभरपाईचं कलम तुमच्याच अंगावर येईल.

दुसऱ्या परिचितांनी घातलेली भीतीही खरी नाही. लिनक्स कर्नलचा परवाना म्हणजे जीपीएल या ओपन सोर्स परवान्याची दुसरी आवृत्ती, आणि त्याला जोडलेल्या टिपेत स्पष्ट लिहिलं आहे की नेहमीच्या सिस्टिम कॉलमधून कर्नलची सेवा घेणारे प्रोग्रॅम कर्नलवर बेतलेले मानले जाणार नाहीत. लिनक्सवर चालतो एवढ्यावरून तुमचा पाळ्यांचा प्रोग्रॅम उघडा करावा लागत नाही. दोन्ही एकाच मेमरी कार्डावर आहेत, हेही कारण पुरत नाही. पैसे घेऊन विकायलाही आडकाठी नाही. सगळं ठरतं ते तुमचा कोड कुठल्या घटकाला आणि कशा रीतीनं जोडला आहे यावर.

आता तुमच्या पत्रातलं गृहीतक. ‘काही बदललेलं नाही’ म्हणता, पण कर्नलमध्ये रिलेचा ड्रायव्हर घातला म्हणजे बदललं आहे. आणि एक अक्षरही बदललं नसतं तरी फरक पडला नसता. जीपीएलची सोर्स कोड देण्याची अट प्रत दुसऱ्याच्या हाती दिली की लागू होते. स्वतःच्या कारखान्यात, स्वतःच्या टेबलावर तुम्ही काय करता याच्याशी तिला कर्तव्य नाही. पेटी बागायतदाराच्या विहिरीवर बसली, की आतल्या बायनरीचा, म्हणजे कंपाइल केलेल्या तयार प्रोग्रॅमचा, सोर्स मिळण्याची सोय करणं हे पेटी विकणाऱ्याचं काम.

जीपीएल-२ च्या कलम ३ मध्ये त्यासाठी तीन वाटा आहेत. पहिली, सोर्स कोड मालासोबतच देणं. दुसरी, लेखी हमी देणं: किमान तीन वर्षं, मागेल त्या कोणालाही, प्रत काढून पाठवण्याच्या खर्चापेक्षा जास्त पैसे न घेता सोर्स देऊ. तिसरी, आपल्याला मिळालेली अशी हमी पुढे सरकवणं. ही तिसरी वाट फक्त बिगरव्यावसायिक वाटपासाठी आहे. त्यामुळे पुण्याची कंपनी तुमची हमी छापून मोकळी होऊ शकत नाही. तिच्या हाती प्रत्यक्ष सोर्स असावा लागेल. तुमच्यासारख्या लहान कारखान्यासाठी पहिलीच वाट उत्तम. प्रत्येक पेटीसोबत वॉरंटी कार्डाच्या पाकिटात एक पेनड्राइव्ह, किंवा पेटीतल्याच मेमरी कार्डावर वेगळं पार्टिशन. सोर्स मालासोबत गेला की तीन वर्षं टपाल सांभाळण्याचा प्रश्न राहत नाही, आणि विक्रेत्यांच्या साखळीतला गोंधळही टळतो. फर्मवेअरचं अपडेट वेबसाइटवरून देत असाल तर त्याच पानावर त्याच आवृत्तीचा सोर्स ठेवा. प्रत्येक अपडेट हे नवं वाटप आहे.

नुसता मूळ प्रकल्पाचा दुवा देऊन भागत नाही, कारण जो कर्नल तुम्ही विकला तो तिथे नसतो. तुमचा पॅच (मूळ कोडात केलेला बदल), तुमची कॉन्फिग फाइल, तुमची डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय काय जोडलं आहे त्याचं वर्णन), बोर्ड विकणाऱ्यानं दिलेला बदललेला कर्नल, हे सगळं धरून सोर्स पूर्ण होतो. कंपाइल आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टही परवान्यानं नाव घेऊन मागितल्या आहेत. पुण्याच्या ऑर्डरचं खरं काम इथे आहे, आणि बरेचसे लहान उद्योग इथेच अडकतात: पेटी विकलेली असते, पण तीच पेटी पुन्हा जशीच्या तशी तयार करता येत नाही.

म्हणून आजच भाच्याला फोन करा आणि त्याच्याकडून चार गोष्टी मागा: बिल्डरूटची नेमकी आवृत्ती, ‘डॉट-कॉन्फिग’ फाइल, कर्नल आणि यू-बूट कुठून घेतले ते, आणि सगळे पॅच. पॅच कुठे ठेवले आहेत हे आवर्जून विचारा. घाईत अनेक जण ‘आउटपुट’मधल्या ‘बिल्ड’ फोल्डरात शिरून तिथेच कोड दुरुस्त करतात. ‘मेक क्लीन’ दिलं की ती दुरुस्ती पुसली जाते, आणि यादीतही कधी येत नाही. ती बिल्डरूटच्या ग्लोबल पॅच डिरेक्टरीत हलवली पाहिजे. मग ‘मेक लीगल-इन्फो’ ही कमांड चालवा. ती घटकांची, आवृत्त्यांची आणि परवान्यांची एक सीएसव्ही यादी, परवान्यांचे मजकूर आणि सोर्सच्या फाइली एका फोल्डरात काढून देते. त्या फोल्डरातली रीडमी फाइल वाचा. काय गोळा करता आलं नाही ते तीत लिहिलेलं असतं, आणि ते हातानं भरावं लागतं. तुमच्या स्वतःच्या पॅकेजांना परवान्याची ओळ लिहिली नसेल तर यादीत ‘अननोन’ येईल. ती ओळ भरून घ्या. बंद ठेवायच्या पॅकेजला ‘रीडिस्ट्रिब्यूट: नो’ लिहा, नाहीतर पाळ्यांच्या गणिताचा सोर्स त्याच फोल्डरात जाऊन बसेल आणि तुम्ही तो नकळत वाटून टाकाल. ही यादी म्हणजे तुमच्या पेटीचा सातबारा आहे. प्रत्येक विकलेल्या आवृत्तीचा वेगळा जपून ठेवा, पेटीच्या अनुक्रमांकासह.

बोर्डवाल्यानं कर्नलचा सोर्स दिलाच नसेल, फक्त तयार इमेज दिली असेल, तर त्याच्याकडे लेखी मागा. तो देत नसेल तर पुढच्या ५०० पेट्यांसाठी बोर्ड बदला. स्वतःकडे नसलेला सोर्स तुम्ही ग्राहकाला देऊ शकत नाही, आणि सोर्सशिवाय ती बायनरी विकायचा अधिकारही मिळत नाही.

ड्रायव्हरचं उत्तर सोपं आहे: जीपीएल-२ खाली सोर्ससकट देऊन टाका. कर्नलच्या आतल्या कोडबद्दल बंद मॉड्यूल चालतं की नाही यावर वाद आहेत, पण बहुतेक कर्नल विकासकांचं मत तुमच्या विरुद्ध जाईल, आणि रिले चालू-बंद करण्यात लपवण्यासारखं काही नाही. पुढच्या आवृत्तीत ड्रायव्हर काढून तेच काम लिबजीपीआयओडी या लायब्ररीनं कर्नलबाहेरून करता आलं तर सांभाळायचा एक पॅच कमी होईल.

लिबमॉडबस एलजीपीएल-२.१ या जीपीएलपेक्षा सौम्य परवान्याखाली आहे. एलजीपीएल तुमचा प्रोग्रॅम बंद ठेवू देते. तिची अट अशी की ग्राहकाला लायब्ररीची नवी किंवा बदललेली आवृत्ती घालून तुमचा प्रोग्रॅम चालवता आला पाहिजे. म्हणून आधी जोडणी तपासा. तुमच्या प्रोग्रॅमवर ‘रीडएल्फ -डी’ चालवा. लागणाऱ्या लायब्रऱ्यांत लिबमॉडबसचं नाव दिसलं तर जोडणी डायनॅमिक आहे, म्हणजे लायब्ररी वेगळ्या फाइलमध्ये आहे: लायब्ररीचा सोर्स आणि परवान्याची प्रत दिली, उल्लेख केला, की मुख्य काम झालं. नाव दिसलं नाही तर ती स्टॅटिक, म्हणजे प्रोग्रॅमच्या आतच, जोडली आहे, आणि मग तुमच्या प्रोग्रॅमच्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले, पण अजून न जोडलेले तुकडे) द्याव्या लागतील. त्यापेक्षा डायनॅमिक करून घ्या. यातलीच एक अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तुमच्या विक्रीच्या अटींत ‘या सॉफ्टवेअरचं रिव्हर्स इंजिनिअरिंग करण्यास सक्त मनाई’ असं सरसकट वाक्य असेल तर ते एलजीपीएलच्या कलम ६ शी भिडतं, कारण लायब्ररी बदलून ती नीट चालवण्यापुरती ती मोकळीक ग्राहकाला द्यावीच लागते. ‘प्रत काढण्यास मनाई’ हे वाक्य तसंच जीपीएलशी भिडतं. दोन्हींच्या पुढे ‘ओपन सोर्स घटक वगळून, त्यांना त्यांचे परवाने लागू’ अशी ओळ घाला.

तुमची कमाई खरोखर धोक्यात येऊ शकते ती स्क्रीनमुळे. पायक्यूटी-५ चे दोनच परवाने आहेत: जीपीएल-३, नाहीतर रिव्हरबँक कंपनीकडून विकत घेतलेला व्यावसायिक परवाना. विकत घेतला नसेल तर स्क्रीनचा प्रोग्रॅम जीपीएल-३ खाली येतो. आता भाच्याला दुसरा प्रश्न विचारा: स्क्रीन पाळ्यांच्या प्रोग्रॅमशी बोलते कशी? सी-चा कोड पायथननं लायब्ररी म्हणून आत ओढला असेल, सीटाइप्स वापरून किंवा एक्स्टेन्शन करून, तर दोन्ही एकाच प्रक्रियेत चालतात, एकच काम ठरण्याची शक्यता मोठी आहे आणि पाळ्यांच्या गणितावरही जीपीएल-३ चा हक्क पोहोचतो. दोन वेगळे प्रोग्रॅम असतील आणि सॉकेटवरून ‘पाळी ४, व्हॉल्व्ह ७, ३५ मिनिटं’ असे साधे निरोप जात असतील, तर ते सर्वसाधारणपणे स्वतंत्र मानले जातात. मात्र निरोपांच्या नावाखाली आतल्या गुंतागुंतीच्या डेटा रचना इकडून तिकडे जात असतील तर नुसत्या सॉकेटचा आडोसा पुरणार नाही.

इथे तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत. रिव्हरबँकचा परवाना विकत घेणं सगळ्यात जलद. क्यूटीचा परवाना मात्र त्यात येत नाही, तो वेगळा बघावा लागतो. पायसाइडवर जाणं हा दुसरा: तेच क्यूटी, पण परवाना एलजीपीएल-३. कोडातले बदल थोडे असतात, ‘पायक्यूटीसिग्नल’चं ‘सिग्नल’, ‘पायक्यूटीस्लॉट’चं ‘स्लॉट’ अशा धर्तीचे. वेळ जातो तो बोर्डासाठी ते कंपाइल करण्यात. आलेखांसाठी क्यूटी चार्ट्स वापरलं असेल तर थांबा, ते मॉड्यूल खुल्या रूपात जीपीएल-३ खाली मिळतं, एलजीपीएलखाली नाही. तिसरा पर्याय म्हणजे प्रक्रिया वेगळ्या करून स्क्रीनचा कोड सरळ उघडा करणं. मी तुमच्या जागी हा तिसरा निवडला असता. बटणं आणि आलेख बघून कोणी तुमचा धंदा नेणार नाही. कुठल्या बागेला कधी, किती पाणी आणि खत, हे ज्ञान सी-च्या प्रोग्रॅममध्ये आहे आणि ते तिथे बंदच राहील.

ईएसपी-३२ च्या नोडमध्ये उलटी गंमत आहे. आर्डुइनोचा गाभा एलजीपीएल-२.१ आहे आणि मायक्रोकंट्रोलरवर सगळं स्टॅटिकच जोडलं जातं. म्हणून तुमच्या स्केचच्या (आर्डुइनोतल्या प्रोग्रॅमच्या) ऑब्जेक्ट फाइली आणि पुन्हा जोडायची कमांड पेनड्राइव्हवर ठेवा. स्केचचा सोर्स देण्याची गरज नाही. हे नको असेल तर ईएसपी-आयडीएफवर थेट लिहा, त्याचा मुख्य परवाना अपाचे-२.० आहे. आर्डुइनोत ओढलेल्या इतर लायब्रऱ्यांचे परवाने एकेक करून बघा, त्यांत सरळ जीपीएलवाल्याही असतात.

ग्राफाना २०२१ पासून एजीपीएल-३ खाली आहे; हा जीपीएलचाच प्रकार, पण नेटवरून होणाऱ्या वापरालाही लागू होणारा. न बदलता चालवलं असतं तर सर्व्हरपुरतं बंधन जवळपास नव्हतं. पण लोगो बदलण्यासाठी त्याच्या फाइली बदलल्या असतील तर ती सुधारित आवृत्ती झाली, आणि नेटवरून वापरणाऱ्या प्रत्येकाला तिचा सोर्स देऊ केला पाहिजे. मूळ लोगो परत लावा, किंवा पानाच्या तळाशी सोर्सचा दुवा द्या.

मंगल फॉन्ट काढून टाका. तो विंडोजसोबत वापरायला मिळतो, तुमच्या पेटीत भरून विकायला नाही. मुंबईच्या एक टाइपनं केलेला मुक्ता किंवा बलू घ्या. ओपन फॉन्ट लायसन्सखाली तो मालासोबत देता येतो, फक्त फॉन्ट तेवढा सुटा विकायचा नाही आणि परवान्याची फाइल सोबत ठेवायची. अर्ध्या दिवसाचं काम, आणि अक्षरंही उन्हात जास्त नीट वाचता येतील.

‘शेतकऱ्यानं कोड बदलला आणि मोटर जळली तर?’ हा प्रश्न तुमच्या मनात येईलच. बदललेल्या सॉफ्टवेअरला वॉरंटी नाही असं लिहायला कुठलाच परवाना अडवत नाही; जीपीएल-३ तर तसं स्वतःच म्हणते. ड्राय-रन आणि ओव्हरलोडचं संरक्षण सॉफ्टवेअरवर सोपवू नका, स्टार्टरमध्ये वेगळं ठेवा. पेटीला सही केलेलंच फर्मवेअर चालेल असं कुलूप घालायचं असेल तर जपून. घरगुती वापराच्या वस्तूंत जीपीएल-३ आणि एलजीपीएल-३ चे घटक असतील तर बदललेली आवृत्ती बसवण्याची माहितीही ग्राहकाला द्यावी लागते. शेतीचा कंट्रोलर त्या व्याख्येत बसेलच असं नाही, पण शंकेचा फायदा ग्राहकाला देण्याचं त्याच कलमात लिहिलं आहे. आणि तीच पेटी उद्या बंगल्याच्या बागेसाठी विकलीत तर ती त्या व्याख्येत बसते याबद्दल शंकाच उरणार नाही.

‘इकडे मराठवाड्यात कोण येतंय बघायला’ हा विचार मात्र सोडा. २००३ मध्ये लिंक्सिस डब्ल्यूआरटी-५४जी राउटरमधलं लिनक्स लोकांनीच ओळखलं, कंपनीला सोर्स द्यावा लागला, आणि त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयानं लिनक्सचे एक विकासक हाराल्ड वेल्टे यांच्या अर्जावर एका नेटवर्क उपकरणांच्या कंपनीविरुद्ध मनाई हुकूम दिला. पॅरिसच्या अपील न्यायालयानं २०२४ मध्ये ऑरेंज या बड्या दूरसंचार कंपनीला जीपीएलभंगासाठी साडेसहा लाख युरो भरायला लावले. आपल्याकडे प्रताधिकार कायदा १९५७ खाली संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, आणि कलम ६२ नुसार दावा करणारा स्वतः राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात जाऊ शकतो. पण मला याहून मोठं कारण वाटतं ते तुमच्या गिऱ्हाइकाचं. ऐन मे महिन्यात, शेततळ्यात शेवटचं पाणी उरलेलं असताना पेटी बिघडली आणि तुमचा माणूस पोहोचू शकला नाही, तर सोर्स असलेली पेटी तालुक्याचा एखादा हुशार पोरगा उघडून निदान स्क्रीन आणि ड्रायव्हर तरी चालू करेल. त्या परवान्यामागे नेमका हाच हेतू आहे.

विकलेल्या दीडशे पेट्यांचं काय? जीपीएल-२ मध्ये अट मोडली की अधिकार आपोआप संपतो, हे खरं. कर्नलच्या अनेक विकासकांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर केलं की जीपीएल-३ सारखी सवलत ते देतील: पहिल्यांदाच चूक झाली असेल आणि सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत सुधारली, तर अधिकार परत मिळतो. तुम्ही सूचनेची वाट बघू नका. जुन्या ग्राहकांना व्हॉट्सअ‍ॅपवर आणि पत्रानं कळवा: ‘या उपकरणातील जीपीएल व एलजीपीएल परवान्याखालील सॉफ्टवेअरचा संपूर्ण सोर्स कोड, आजपासून तीन वर्षं, मागणाऱ्या कोणालाही प्रत काढण्याच्या व टपालाच्या खर्चात पाठवला जाईल.’ खाली पत्ता द्या. सुट्या भागांची किंवा देखभालीची सेवा त्यापुढेही देणार असाल तर मुदतही तितकी लांबवा. जीपीएल-३ च्या घटकांना ते लागू आहे.

आणखी एक गाठ आहे, तुमच्या लक्षात न आलेली. सी-चा प्रोग्रॅम ‘आमचा’ म्हणता, पण भाचा पगारावर होता का? कर्मचाऱ्यानं नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्या कोडचा मालक, वेगळा करार नसेल तर, मालक-कंपनी. घरचा माणूस म्हणून नुसतं करून दिलं असेल तर प्रताधिकार त्याचा आहे. तो तुमच्याकडे यायला कलम १९ प्रमाणे त्याच्या सहीचा लेखी दस्त लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच, म्हणून दोन्ही स्पष्ट लिहा. नातं गोड आहे तोवर हा कागद करून घ्या, आणि भाच्याला त्याचा योग्य मोबदला द्या. हा दस्त आणि पुण्याच्या करारातलं नुकसानभरपाईचं कलम वकिलाला दाखवा; भरपाईची रक्कम ऑर्डरच्या किमतीपुरती मर्यादित करून घ्या. मसिआ किंवा सीएमआयए या मराठवाड्यातल्या उद्योजकांच्या संघटनांमध्ये विषय काढलात तर असाच खर्च वाटून घेणारे आणखी दोन-चार कारखानदार भेटतील.

सोर्सचं पाकीट तयार झालं की ते ज्याचा या कामाशी संबंध नाही अशा माणसाकडून तपासून घ्या. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला मानधन देऊन कोऱ्या उबुंटूच्या मशीनवर, फक्त तुमच्या रीडमीवरून इमेज बनवायला सांगा. तो जिथे अडेल तिथे एक पॅच किंवा एक सूचना राहिलेली आहे. त्याच्या हातून बनलेली इमेज पेटीत टाकून व्हॉल्व्ह उघडला, की पाकीट पाठवण्याजोगं झालं.

पुण्याला आता एवढंच कळवा: उत्पादनात ओपन सोर्स घटक आहेत, पूर्ण यादी, परवाने आणि सोर्स तीन आठवड्यांत देतो, स्क्रीनच्या घटकाच्या परवान्याची पूर्तता करण्याचं काम चालू आहे. रिले ड्रायव्हरचा सोर्स मात्र त्याच ईमेलसोबत जोडून द्या, त्यासाठी थांबायचं काही कारण नाही.